ताशी दोनशे साठ किलोमीटर

जिनिव्हाला विमानाने न जाता रेल्वेने जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (मेधाच्या मते मी काही ठरवलं की तिथूनच सगळं बिघडायला लागतं.)

साल चौऱ्याऐंशी. मेधाची धाकटी बहीण सुनंदा जिनिव्हातला संसार आवरून रविवारी संध्याकाळी सातच्या विमानाने कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली होती. सहा वर्षांत दोघींची भेट नव्हती, आणि पुढची कधी होईल याचा भरवसा नव्हता. म्हणून बहरीनहून आम्हीच जाणार होतो.

"सीधा जिनिव्हा जाओ, भाईसाब. शनिवार को फ्लाइट है. खलास," बाब अल बहरीनजवळचा ट्रॅव्हल एजंट सिराज म्हणाला.

पण मी त्याच्याच टेबलावरचं युरोपच्या गाड्यांचं टाइमटेबल घरी आणलं. पॅरिसपर्यंत विमान आणि पुढे ही गाडी: पॅरिस ते जिनिव्हा, ताशी दोनशे साठ किलोमीटर, साडेतीन तासांत थेट दुसऱ्या देशात. ज्या बेटावर वीतभर रूळ नाही तिथे बसून मी युरोपचे सगळे वेग पाठ केले. ही गाडी अख्खं बहरीन बारा मिनिटांत ओलांडेल, हे ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. (शेजारच्या टेबलावरच्या गुरुप्रसादला तीनदा. नंतर त्याने टेबल बदलून घेतलं.)

"अहो, पण गाडी चुकली तर?" मेधाने विचारलं.

"साडेसातला सुटते, अकराला पोचते. सुनंदा स्टेशनवर येईल. मुद्दाम रविवार धरलाय. कामाचा दिवस, गर्दी नाही."

सात वर्षं बहरीनच्या रिवाजाप्रमाणे शुक्रवारी सुट्टी घेऊन रविवारी ऑफिसात जाणाऱ्या माणसाची ही अक्कल होती.

पॅरिसच्या स्टेशनात खिडकीमागच्या बाईने मान हलवली. "नो ट्रेन. संडे."

"येस, संडे," मी समजावलं. "वर्किंग डे."

बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मेधाकडे, आणि सगळी सहानुभूती मेधाला दिली. टाइमटेबलात गाडीखाली 'सुट्टीच्या दिवशी बंद' असं छापलं होतं. मी ते वाचलंही होतं. म्हणूनच तर शुक्रवार टाळला होता.

सुनंदाचा फोन आदल्या दिवशीच कापला गेला होता. दुपारच्या गाड्या भरलेल्या, जागा मिळाली ती पाचच्या गाडीत. ती खरोखरच ताशी दोनशे साठने धावली. मेधा खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि मी (गप्प बसायचं सोडून) तिला वेग सांगत होतो. साडेआठला पोचलो. सुनंदा केव्हाच उडाली होती. मला फार वाईट वाटलं, पण ते सांगायचीही सोय राहिली नव्हती.

परतल्यावर पंधरा दिवसांनी सुनंदाचं पत्र आलं. मेधाने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.

"ताई, स्टेशनवर खूप वाट पाहिली. तुम्ही निघालाच नाहीत असं वाटलं. पुढे आमचं विमान बिघडलं आणि बहरीनला उतरवलं. नऊ तास एअरपोर्टजवळच्या हॉटेलात होतो. तुझ्या घरी सारखा फोन लावत होते, कुणी उचललाच नाही."

आम्ही बुसैतीनला राहतो.

मेधाने पत्राची नीट घडी घातली. "अहो, एअरपोर्ट आपल्या घरापासून किती लांब?"

"तीन किलोमीटर."

"तुमच्या त्या गाडीने किती वेळ लागेल?"

"बेचाळीस सेकंद," मी लगेच सांगितलं.

(उत्तर बरोबर होतं. मी ते पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. पुढचे चार दिवस घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे वेळ भरपूर होता.)