एका केसपेपरचा संसार

अण्णारावांचं म्हणणं असं, की एका चुलीवर दोघांचा स्वयंपाक होतो, तर एका केसपेपरवर दोघांचा मधुमेह का होऊ नये? लातूरच्या दाळमिलमध्ये तीस वर्षं मुनीमकी केलेला माणूस. निवृत्त होताना मालकानं पाठीवर थाप दिली आणि फंडानं पेन्शन दिली. दोन्हींचं वजन साधारण सारखंच.

सरकारी दवाखान्यातून त्यांना साखरेच्या गोळ्या फुकट मिळत. सकाळी एक, संध्याकाळी एक. मठातल्या तपासणी शिबिरात बायकोला, शिवकांताबाईंनाही साखर निघाली, तेव्हा अण्णारावांनी उदार मनानं संध्याकाळची गोळी त्यांच्या नावे केली. बाईंचा वेगळा केसपेपर काढायचा म्हणजे त्यांच्या गुडघ्यांपायी जाता-येता ऑटो आला, आणि ऑटोवाला काही शासनाच्या योजनेत बसत नाही.

यात एकच मेख होती. गेल्या वर्षी अण्णारावांची साखर शहाण्यासारखी वागली आणि डॉक्टरीणबाईंनी खूश होऊन एक गोळी कमी केली. एका गोळीत दोन म्हातारी माणसं! महिनाभर अडकित्त्यानं तुकडे पाडणं चाललं. निम्मा चुरा मुंग्यांनी नेला. त्या वर्षी घरात तब्येतीनं सुधारल्या त्या फक्त मुंग्या.

तेव्हापासून तपासणीच्या सकाळी अण्णाराव गोलाईच्या बाजारात जाऊन पावशेर जिलबी खात. आवड म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. साखर चढली आणि गोळ्या पुन्हा दोन झाल्या; ती वर राहिली तर दोनच राहतात. बायकोसाठी नवऱ्यानं एवढं सोसलंच पाहिजे. कर्तव्याची गोडी अशी, की पुढं पुढं ते तपासणी नसतानाही पार पडू लागलं. घरी सांगायला पाय मोकळे करण्याचं कारण होतंच.

परवा कर्तव्य जरा जास्तच झालं. यंत्रावर आकडा आला चारशे बारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमची साखर आता गोळ्यांचं ऐकत नाही. इन्सुलिन सुरू करू. रोज, पोटात."

अण्णारावांना सुईचा धसका असा, की बायको वाकळ शिवायला बसली तरी ते उठून ओसरीवर जात. त्यांनी तत्काळ निम्मं सत्य सांगून टाकलं: दोनातली एकच गोळी आपण घेतो, दुसरी घरच्या माणसाला देतो. जिलबीचं निम्मं मात्र गाठीशी ठेवलं. सगळी शिल्लक एकदम काढू नये. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण त्यांना हायसंही वाटलं. मग सुई नको, म्हणाल्या, दोन्ही गोळ्या तुम्हीच घ्या. आणि उद्या आजींना घेऊन या, त्यांचा पेपर वेगळा काढू.

दुसऱ्या दिवशी ऑटो करावाच लागला. शिवकांताबाई आत येतात न येतात तोच उमादेवी सिस्टरनं विचारलं, "आजी, परवाच गोळ्या नेलाव की. संपल्या का?"

अण्णाराव बायकोकडं बघतच राहिले. दहा महिन्यांपासून शिवकांताबाईंचा स्वतःचा केसपेपर होता.

"मग माझी संध्याकाळची गोळी कुठं जाते?"

"तुमच्याच पोटात," शिवकांताबाई शांतपणे म्हणाल्या. "कुटून वरणात घालते. हातात दिली असती तर घेतली नसती तुमी. माझ्यापायी सोताचा जीव घालवूलालाव, ते बघवंना मला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणजे दोन्ही गोळ्या जात होत्या, तरी चारशे बारा. घरात गोडधोड किती होतं, असं त्यांनी विचारलं.

"गुळाचा खडा बी न्हाई घरात," शिवकांताबाईंचा आवाज अभिमानानं भरून आला. "ह्यो माणूस लई पथ्याचा हाय, मॅडम. सणाला पुरणपोळी केली तर ताट सरकवून उठतेत."

"मग इन्सुलिनला इलाज नाही. की काका, बाहेर काही खाता? खात असाल तर खरं सांगा, सुई वाचेल."

शिवकांताबाईंनी मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत आदर होता. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात अण्णारावांना तो पहिल्यांदाच दिसत होता, आणि पुन्हा मिळण्याची काही लक्षणं नव्हती. त्यांनी एकदा सुईकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. दोनातलं काय जास्त खोल टोचेल, हे ठरवायला मुनीमकी करावी लागत नाही.

त्यांनी डोळे मिटले आणि सदरा वर केला.

"टोचा, मॅडम," ते म्हणाले. "पथ्याच्या माणसाला काय भ्या?"