मोघेकाकांचं पिवळं हेल्मेट

नव्वदीच्या सुरुवातीला तुम्ही कधी सुकापूरच्या नाक्यावर उभे राहिला असाल, तर आमचे मोघेकाका तुम्हाला दिसलेच असणार. आणि तुम्ही त्यांना हमखास विचारलं असणार, "ओ साहेब, लाईट कधी येणार?"

सगळेच विचारायचे. काळी उंच सायकल, कॅरियरला पिशवी, पँटच्या पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे आणि डोक्यावर पिवळंधमक हेल्मेट. कारखान्यात घालतात तसलं, कडक प्लॅस्टिकचं, हनुवटीखाली पट्टा आवळलेलं. पनवेलात तेव्हा स्कूटरवालेसुद्धा हेल्मेट आरशाला अडकवून फिरायचे. त्यामुळे सायकलवर हेल्मेट घालणारा माणूस एक तर वीज ऑफिसचा वायरमन असणार, नाहीतर डोक्यानं थोडा कमी. गावातल्या लोकांनी पहिलं धरलं होतं. आमच्या बिल्डिंगनं दुसरं.

गंमत म्हणजे काका कधी "मी वायरमन नाही" असं म्हणायचे नाहीत. एकदा मी भाजी घेऊन त्यांच्याबरोबर चालत येत होते. ते सायकल हातात धरून चालले होते, हेल्मेट अर्थातच डोक्यावर. (चालताना तरी काढा म्हटलं, तर "सायकल हातात आहे तोवर मी सायकलवालाच" हे उत्तर.) समोरून गावातले एक म्हातारबा आले आणि त्यांनी सरळ हँडलच धरलं.

"ओ वायरमन, दोन दिस झालं, आमच्या आळीत लाईट नाय. आमी काय चिमणी लावून जेवायचं?"

काकांनी सायकल स्टँडला लावली. खिशातून डायरी काढली. "नाव? आळी? खांबाचा नंबर?"

"खांबाला नंबर हाय?"

"प्रत्येक खांबाला असतो. बघून ठेवत चला."

आणि हा माणूस त्या उन्हात सायकल हाणत पनवेलात गेला, वीज ऑफिसात तक्रार लिहून आला आणि संध्याकाळी त्या आळीत जाऊन दिवे लागले का ते बघूनही आला! मी म्हटलं, "काका, कशाला हो हा नसता उद्योग?" तर म्हणाले, "बाई, हेल्मेट बघून त्यांनी भरवसा ठेवला. आता हात वर कसे करायचे?"

मी शाळेत शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तळमजल्यावर एकटेच. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी बावीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर म्हणून काढली होती. गेटवर उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येक डोक्यावर हेल्मेट आहे की नाही ते बघायचं. रिटायर झाले, पण गेट काही सुटलं नाही. काकू आम्ही तिथं राहायला येण्याआधीच गेलेल्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता. भला मोठा अंबाडा आणि हसू कसंबसं दाबलेला चेहरा. काका त्यांच्याविषयी बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

बाकी सगळ्याविषयी मात्र भरपूर बोलत. कपाळावर बोट आपटून म्हणायचे, "याचा स्पेअर मिळत नाही!" परांचीवर उभा राहून गिलावा करणारा गवंडी दिसला, "याचा स्पेअर मिळत नाही!" घसरगुंडीवर उलटं झोपलेलं पोरगं दिसलं, तरी तेच. गणपतीत मांडवावर चढणाऱ्या पोरांना ते आपलं हेल्मेट आळीपाळीनं घालायला लावत. पोरं वात्रट. त्यांनी ते एका रात्री मखरातल्या उंदराच्या डोक्यावर चढवलं. काकांनी सकाळी पाहिलं आणि म्हणाले, "शाबास. बिल्डिंगमध्ये एकाला तरी अक्कल आहे."

कंपनीतली त्यांची एक हकीकत ठरलेली होती. एका ऑपरेटरनं उकडतं म्हणून तापलेल्या सळईनं हेल्मेटला दोन भोकं पाडली. हवा खेळती राहावी म्हणून. काकांनी ते हेल्मेट भर गेटवर हातोड्यानं फोडलं. "भोक पाडलेलं हेल्मेट म्हणजे टोपली. टोपलीच घालायची तर भाजी विकायला बसा!" हे वाक्य ते इतक्या आवेशात म्हणायचे, की ऐकताना आपणच भोक पाडलंय असं वाटायचं.

मग आला नारळाचा प्रयोग. सोसायटीची मीटिंग होती पाण्याच्या टाकीवर, पण काकांनी मध्येच सायकलवाल्यांच्या हेल्मेटचा विषय काढला. पहिल्या मजल्यावरचे साळवी उसळलेच. "अहो मोघे, सायकलला हेल्मेट? उद्या चालणाऱ्याला चिलखत घाला म्हणाल. इतकी वर्षं सगळं पनवेल बोडक्यानं सायकल चालवतंय, कोणाचं काय झालं?"

"ज्यांचं झालं ते सांगायला येत नाहीत," काका म्हणाले आणि पिशवीतून दोन नारळ काढले.

एक नारळ हेल्मेटात पट्ट्यानं बांधला, दुसरा तसाच. दोन्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडले. आम्ही सगळे खाली माना वर करून उभे. बोडका नारळ फरशीवर आपटला, टुणकन उडाला आणि घरंगळत जाऊन साळवींच्या पायाशी थांबला. टणटणीत! हेल्मेटातला मात्र फुटून पाणी गळायला लागलं.

काय हशा पिकला म्हणून सांगू! साळवींनी तो नारळ करंडकासारखा उचलून धरला. काका गंभीरपणे खाली आले, फुटका नारळ कानाजवळ नेला, वास घेतला. "प्रयोगात दोष आहे. नारळ जुना होता," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी खोबऱ्याच्या वड्या पोचवल्या. साळवींनासुद्धा.

मीही हसणाऱ्यांतलीच होते, खोटं कशाला बोलू? पण त्याच वर्षी माझ्यावर प्रसंग आला.

माझी शाळा पनवेल गावात, सकाळची. सुकापूरहून निघायचं तर सहा आसनी टमटम, आणि ती दहा माणसं कोंबल्याशिवाय जागची हलायची नाही. मी आपली आत बसून घड्याळ बघत तडफडायची. शाळेत पोचेपर्यंत मस्टर मोठ्या बाईंच्या टेबलावर गेलेलं आणि त्यांचं लाल पेन उघडलेलं. त्या महिन्यात दोन लेटमार्क झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला सकाळी जमत नसेल, तर दहावीचं गणित दुसऱ्या कोणाला देऊ या का?"

अहो, दहावीचं गणित म्हणजे माझा जीव की प्राण. ते माझ्या हातून काढून घ्यायचं? मी त्या दिवशी घरी आले ती तणतणतच आणि जाहीर केलं, "मी सायकल घेणार." लहानपणी अलिबागला मी सायकल पिदडलेली होती. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता "ह्या वयात?" एवढंच म्हणाले. एवढं पुरे होतं. रविवारी जुनी लेडीज सायकल दारात उभी!

सगळ्यात आधी आले मोघेकाका. ब्रेक बघितले, घंटी वाजवली, चेनवरचं कव्हर हलवून बघितलं आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "डोकं?"

"आहे ना, हे काय!"

त्यांनी आपलं पिवळं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. माझा अंबाडा चांगला मुठीएवढा. हेल्मेट त्यावर टेकलं, डुगडुगलं आणि सरळ नाकावर आलं. वरच्या गॅलऱ्यांमधून सगळी बिल्डिंग खदाखदा हसली. साळवी तर टाळ्या पिटत होते. माझा पारा चढला.

"मोघेकाका, माझं डोकं माझं आहे!"

"तुमचंच आहे, बाई. म्हणून तर म्हणतो. स्पेअर..."

"नको मिळू दे स्पेअर!" म्हणत मी जिना चढले.

पाच दिवस मी घंटा व्हायच्या आत शाळेत. काय ऐट माझी! शनिवारी उतारावर मागून ट्रकनं भोंगा दिला. मी दचकून कडेला घेतली, चाक खडीवर सरकलं आणि मी, सायकल आणि दहावीच्या तपासलेल्या वह्या, सगळं आडवं. कोपर सोललं आणि कपाळाच्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ. वह्या गोळा करून शाळेत पोचले तर तिसरा लेटमार्क. मोठ्या बाईंनी टेंगूळ पाहिलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पण म्हणाल्या, "सोमवारपासून एकदा जरी उशीर झाला, तरी दहावी तुमच्याकडं राहणार नाही." वर "आणि सायकलवरून पडणारी शिक्षिका मला परवडायची नाही," हेही.

संध्याकाळी काका आले. मी मनाशी म्हटलं, आता ऐका व्याख्यान. पण त्यांनी टेंगळाकडं नुसतं पाहिलं आणि आंबेहळदीची पुडी टेबलावर ठेवली. "उगाळून लावा." बस. अवाक्षर नाही. समोरचा ओरडला तर मला उत्तर देता येतं. गप्प राहिला की माझाच तोल जातो.

"मग काय करू मी?" मीच सुरू झाले. "हेल्मेट घालायला माझी ना नाही आता. पण हा अंबाडा कुठं ठेवू? का केस कापून टाकू? काकू असत्या तर त्यांना सांगितलं असतंत का असं?"

बोलले आणि जीभ चावली. काकांनी हातातला कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच. "येतो," म्हणाले आणि गेले. मला इतकं वाईट वाटलं! आमचे हे म्हणाले, "तुझ्या तोंडाला घालायचं काही मिळतं का बघ."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच काका पुन्हा दारात. हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं तर आत पांढरं हेल्मेट.

"कंपनीत पिवळं आमचं, पांढरं साहेबांचं," काका म्हणाले. "घरात साहेब तीच होती."

मी हेल्मेट हातात घेतलं, फिरवलं आणि बघतच राहिले. मागच्या बाजूला मुठीएवढं गोल भोक! कडेनं सायकलची ट्यूब कापून बारीक टाक्यांनी शिवलेली, केस अडकू नयेत म्हणून. ज्या माणसानं भर गेटवर हातोडा चालवला होता, त्याच्या हातचं हे काम.

"काका, ही तर टोपली!"

"टोपलीच," ते म्हणाले. मग खुर्चीवर टेकले.

"कुसुमला हौस होती. सुट्टीच्या दिवशी कॅरियरवर बसून वडाळे तळ्यापर्यंत जायची. मी म्हटलं, हेल्मेटशिवाय बसवणार नाही. ती म्हणाली, अंबाड्यावर ते बसत नाही, मी घालणार नाही. सहा महिने आमचं ह्यावरून भांडण. नियम म्हणजे नियम, मी काही हललो नाही. शेवटी एका रविवारी करवतीचं पातं घेतलं आणि पाडलं भोक."

"मग?"

"हसली. इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं. म्हणाली, पुढच्या रविवारी नक्की घालते. बुधवारी काविळीचं निघालं." काकांनी टॉवेलाची घडी घातली. "सहा महिने आधी पाडलं असतं, तर पुष्कळ फिरून झालं असतं आमचं."

मला रडूच आलं. मी उठून आत गेले, उगाचच भांड्यांचा आवाज केला आणि डोळे पुसून बाहेर आले. काका तोवर सावरले होते. हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवून पट्टा आवळत होते. अंबाडा भोकातून अलगद बाहेर आला. "कपाळ शाबूत, बाजू शाबूत," ते म्हणाले. "मागं तुमचा अंबाडा आहेच. चांगली उशी आहे."

सोमवारी मी हेल्मेट घालून निघाले. गॅलरीतून साळवी ओरडले, "बाई, चांद्रयान कुठं चाललं?" म्हटलं, ओरड मेल्या. शाळेच्या फाटकात पोरी फिदीफिदी हसल्या. मी मस्टरवर सही केली तेव्हा लाल पेनाचं टोपण लावलेलंच होतं. मोठ्या बाईंनी हेल्मेटाकडं, मग भोकातून डोकावणाऱ्या अंबाड्याकडं पाहिलं. ओठ दाबून धरले. म्हणाल्या, "जा, दहावीचा तास आहे तुमचा."

परत येताना सुकापूरच्या नाक्यावर कोणीतरी हँडल धरलं. तेच म्हातारबा.

"आता बाया पन आल्या काय लाईनीवर? बरं झालं. ओ बाय, आमच्या आळीत लाईट नाय."

मी सायकलवरून उतरले. पर्समधून वही काढली. "नाव? खांबाचा नंबर?"

"बघून ठेवलाय!" म्हातारबांनी छाती काढून नंबर सांगितला.

चिठ्ठी घेऊन मी तडक तळमजल्यावर गेले. "काका, तक्रार आलीय." काकांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली. मग माझं हेल्मेट मागून घेतलं आणि उलटं करून मांडीवर धरलं. आत जाड काळ्या पेननं लिहिलेलं होतं, कंपनीच्या शिस्तीत: सौ. कुसुम मोघे. ए पॉझिटिव्ह.

"तुमचा रक्तगट?"

"ओ पॉझिटिव्ह. पण थांबा काका, ते पुसू नका हं!"

"पुसतंय कोण? खाली जागा आहे."

"एका हेल्मेटात दोन नावं नियमात बसतात का?"

"नाही बसत," काका म्हणाले. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि काकूंच्या नावाखाली, एकेक अक्षर सावकाश जपत, माझं नाव लिहिलं.