घटाच्या आत लाल होणारं झाड

उमरेडकर भाऊ दुसऱ्यांच्या झाडांची पानं रंगायच्या तारखा तळहातावर लिहून घेतात. कॅनडातल्या केंब्रिजच्या आमच्या गल्लीत सप्टेंबर लागला की रोज सकाळी हा माणूस बाहेर पडतो, प्रत्येक मेपलखाली थांबतो, मान वर करतो आणि पेनानं हातावर काहीतरी लिहितो. एकदा एका गोऱ्या बाईला वाटलं, हे नगरपालिकेचे. तिनं फुटपाथवर वाकलेल्या फांदीची तक्रार सांगितली. भाऊंनी तीही लिहून घेतली. मला म्हणाले, "कोणीतरी ऐकून घ्यावं लागते ना जी."

मी लेकाकडे राहते, भाऊ आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे, इथल्या मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले. घरात ते आणि कुसुमताई, दोघंच. कुसुमताई दर वर्षी नवरात्राच्या आधी नागपूरला जातात, त्या थेट थंडी सरल्यावर येतात. सासूनं घट त्यांच्या हाती दिलेत, तिथल्या घरात ते बसवावेच लागतात.

एक दिवस भाऊ मला म्हणाले, "चला ताई नर्सरीत. रंगाचं बायकांनाच कळते." कुसुमताईंना का नेत नाहीत, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी गेले.

तिथं रंगाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. लाल, पिवळा, जांभळा, काहीही चालणार होतं. प्रत्येक रोपापुढे एकच प्रश्न, "हे घटाच्या आत रंगते का?" नर्सरीतली मुलगी गोंधळली. भाऊंनी तिला समजावलं, "फेस्टिव्हल. एव्हरी इयर डेट चेंज. मून."

ती म्हणाली, "सर, इट्स अ मेपल."

"ऑक्टोबर?"

"ऑक्टोबर."

"बाद," भाऊ म्हणाले आणि पुढच्या रोपाकडे गेले. बर्निंग बुश बाद. ओक तर बादच बाद, "हा दिवाळी करूनच उठते." अशी बावीस झाडं त्यांनी बाद केली. मला वाटायला लागलं, यांनी देवीला काही नवस बोललाय की काय.

पुढच्या ऑगस्टात भाऊ एकटेच जाऊन एक मेपल घेऊन आले. सगळी झाडं हिरवीगार आणि हे लालबुंद. भाऊ कुंपणाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "पाहा, सगळ्यांच्या आधी!" पंधरा दिवसांत ते वाळलं. माझा लेक म्हणाला, "काका, आजारी झाड आधी लाल होतं. मरायला टेकलेलं होतं ते." म्हणून नर्सरीवाल्यांनी ते कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. भाऊंनी आग्रह करून आणलं होतं.

त्या संध्याकाळी भाऊ पायरीवर बसले होते. मी वाटीत भाजी घेऊन गेले. वाटी मांडीवर ठेवून ते म्हणाले, "ताई, बारा वर्षं झाली इथं येऊन. हिनं एकदाही फॉल पाहिला नाही. पानं रंगायच्या आत ही विमानात. थांब म्हणून मी म्हणत नाही, घट कसे मोडायचे? पण एक झाड तरी, म्हटलं, आपल्या दारात."

मला एक झाड माहीत होतं. नातीला शाळेत सोडून येताना रोज दिसायचं. एका म्हाताऱ्याच्या कुंपणाला सुमॅक माजलाय. शाळा सुरू होते त्या आठवड्यातच तो लाल व्हायला लागतो. दोन वर्षं मी तो बघत होते. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला, नर्सऱ्या पालथ्या घालणाऱ्याला, मी काय रानटी झुडूप सांगायचं, म्हणून गप्प होते.

त्या दिवशी सांगितलं. भाऊ उठून चप्पल शोधायला लागले.

तो म्हातारा हात जोडायचाच बाकी होता. म्हणाला, "टेक इट. प्लीज, टेक ऑल ऑफ इट." एप्रिलात आम्ही मुळापासून फुटलेलं एक रोप आणून भाऊंच्या खिडकीसमोर लावलं. कुसुमताई परतल्या तेव्हा ते वीतभर काडीसारखं होतं. सप्टेंबरात कंबरेएवढं झालं आणि खालची पानं पेटल्यासारखी लाल झाली.

जायच्या दिवशी बॅगा गाडीत गेल्या. कुसुमताईंनी दाराला कुलूप लावलं आणि वळल्या. "हे काय वाढवून ठेवलं बापा? जंगलीच दिसते." मग थोडं थांबून, "लाल मात्र छान आहे हो." भाऊंनी त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. तसं उघडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी भाऊंनी कुंपणावरून हाक मारली. फोनवर नागपूर होतं. अख्खं झाड आता लाल झालेलं, भाऊ फोन वरून खाली फिरवून दाखवत होते. कुसुमताई म्हणत होत्या, "पाहिलं ना मी झाड. कालपण पाहिलं. तुम्ही काहून दिसत नाही? या समोर."

"ताई, जरा धरता का?"

मी फोन धरला. भाऊ झाडाशेजारी ताठ उभे राहिले, पासपोर्टच्या फोटोला राहतात तसे.

"स्वेटर नाही घातला," फोन म्हणाला. "आणि काय खाऊन राहिले तुम्ही? तोंड किती उतरलं."

"अगं, पानं पाहा, पानं."

"पाहून राहिली ना," कुसुमताई म्हणाल्या आणि फोनच्या आणखी जवळ आल्या. भाऊ तसेच ताठ उभे राहिले.

मी हात हलू दिला नाही.