ऐकणाऱ्याचं अंथरूण

"ऐकून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही!" तक्रार निवारण कार्यालयाचे साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले. "माणूस आपल्यापर्यंत येऊ शकत नाही ना? मग आपण त्याच्या दारी जायचं. दुपारी ऐकतो, संध्याकाळी घरी!"

ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला. साहेब विजार वर करून पाण्यात शिरले, मध्यावर सपशेल आपटले आणि डोंगरातल्या आदिवासी वस्तीवर निथळत पोचले.

वस्तीची सुईण पुढे आली. "आमची तक्रार ऐकणार? नक्की?"

"अहो, त्यासाठीच तर आलो!"

अख्खी वस्ती गोळा झाली. सुईण बोलू लागली. पूल गेला तशी पलीकडच्या दवाखान्याची वाट तुटली. तिच्या लेकीचे दिवस भरत आलेले आणि मूल पोटात आडवं. "हे बाळंतपण माझ्या हातचं नाही, साहेब." मध्ये कुणी बोललं नाही, खोकलंसुद्धा नाही. जन्मात साहेबांनी इतकं नीट काही ऐकलं नव्हतं.

"ऐकलं, बाई," ते म्हणाले. "आता निघतो."

"निघता कुठे? आमच्यात तक्रार ऐकणारा ती मिटेपर्यंत इथेच राहतो. अगं पोरींनो, साहेबांचं अंथरूण घाला!"

साहेबांनी रेंजसाठी धापा टाकत टेकडी चढून कार्यालयातल्या आपल्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला. "मॅडम, मला ठेवून घेतलंय!"

"बाप रे! कोंडलंय?"

"छे हो! अंथरूण घातलंय! अडवत कुणीच नाही, पण सगळे असे विश्वासाने बघतात की पायच निघत नाही!"

सकाळी मॅडम तणतणत आल्या, कमरेपर्यंत भिजून. "काय तक्रार आहे यांची?"

"मॅडम, विचारू नका!" साहेब ओरडले. पण सुईणीने सांगायला सुरुवात केली होती, आणि दुसरं अंथरूण येत होतं.

मग मॅडमनी टेकडीवरून जी काय फोनाफोनी केली! इतके दिवस ढिम्म बसलेला पुलाचा इंजिनिअर फळ्या, दोर, माणसं घेऊन धावत आला. वस्तीनेही कंबर कसली. दुसऱ्या दिवशी कामचलाऊ का होईना, पूल उभा! सुईण लेकीला धरून पलीकडे गेली आणि जीप त्यांना घेऊन दवाखान्याकडे सुटली.

ड्रायव्हर परतला तो हसतच. "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

साहेब थक्क झाले. नुसतं ऐकून घेतल्याने एवढं होतं? त्यांनी डोळे पुसले, बॅग उचलली. तेवढ्यात एक म्हातारबाबा जवळ आले.

"साहेब, शाळेच्या छपराचं जरा ऐकता का?"

साहेबांनी बॅग खाली ठेवली, बूट काढले. "सांगा, आजोबा." मग त्यांनी आधारासाठी मॅडमकडे पाहिलं.

मॅडम दोन्ही कानांत बोटं घालून पूल ओलांडत होत्या!