वाघमारेसाहेबांच्या शेजारची सीट

गतिरोधक आला की वाघमारेसाहेब गाडी थांबवतात, शेजारी बसलेल्या माणसाकडे वळतात आणि अत्यंत अदबीनं म्हणतात, "आपण जरा उतरता का?"

आपण उतरायचं. गतिरोधक पायी ओलांडायचा. मागून साहेब गाडी तिरकी करत, एकेक चाक हलकेच चढवत, तिचं पोट न घासता पलीकडे आणणार आणि आतून दार उघडून म्हणणार, "या, बसा." पुन्हा बसायचं. पुण्यात दोन गतिरोधकांच्या मधे जेवढा रस्ता शिल्लक असतो तेवढा प्रवास करायचा आणि पुन्हा उतरायचं. मला एकदा त्यांनी सहकारनगरहून सदाशिव पेठेत माझ्या रक्ततपासणीच्या लॅबपर्यंत सोडलं. सोडलं म्हणजे काय, मी बरीचशी वाट चालत होते आणि ते गाडी घेऊन माझ्या सोबतीला होते. टिळक रस्त्यावर एका वयस्क गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, काही भांडण झालंय का? रिक्षा बोलावू?"

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. लाल रंगाची, दोनच माणसांची, माझ्या कमरेइतकीही उंच नसलेली गाडी एका प्रौढ बाईच्या मागे गोगलगायीसारखी सरकते आहे, हे दृश्य सभ्य नव्हतंच.

साहेब आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी धरणं, कालवे आणि सरकारी जीपची धूळ. निवृत्तीनंतर माणसं पहाटे टेकडीवर जातात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन इतरांचं जगणं नकोसं करतात. साहेबांनी मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून ही जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. आणली त्या दिवशी विहारात जाऊन वंदना केली आणि सोसायटीत घरोघर खीर पाठवली. वॉचमन चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन आला, तर त्याला म्हणाले, "लिंबू चिरडल्यानं टायर जास्त टिकतो असा नियम कुठल्या पुस्तकात आहे? मला दाखव." त्या लिंबाचं आम्ही सरबत केलं.

त्याच संध्याकाळी मंदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, नवी इरकल नेसून गाडीत बसल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, स्वभावानं करारी. सारसबागेपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. दोघं गेले एकत्र आणि आले वेगवेगळे. मंदाताई रिक्षानं आधी पोचल्या, साहेब नंतर. त्या दिवसापासून मंदाताईंनी त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही.

झालं काय होतं, ते मला मंदाताईंनी लॅबमध्ये रक्त देताना सांगितलं. पहिलाच गतिरोधक आला, साहेबांनी "उतरतेस का?" विचारलं, आणि बाईंना उठताच येईना. सीट जमिनीला टेकलेली, गुडघे हनुवटीशी आलेले आणि त्या गुडघ्यांत दोन वर्षांपासून कळा. शेवटी एका पेरूवाल्यानं आणि त्याच्या बायकोनं दोन्ही हातांना धरून त्यांना बाहेर ओढलं. साहेब त्या वेळी कुठे होते? गाडीच्या पुढे उकिडवे बसून तिचं पोट आणि रस्ता यांच्यात किती अंतर उरतंय ते बघत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा मंदाताईंची रिक्षा गाडीला मागे टाकून चालली होती.

"मग गुडघ्यांचं सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"नको गं शैला. सांगितलं तर आलेख काढत बसतील. आणि इतक्या हौसेनं गाडी घेतलीय, मी कशाला रडगाणं लावू?"

लॅबवालीचं तोंड बंद असतं, तो आमच्या धंद्याचा भाग आहे. पण साहेबांना त्या दिवसाचं जे दिसलं होतं ते एवढंच, की एक रिक्षा त्यांच्या स्पोर्ट्‌स कारला मागे टाकून गेली आणि त्या रिक्षात त्यांची बायको होती. इंजिनिअर माणूस. त्यानं कारण शोधलं, आणि त्याला सापडलं: ताकद कमी पडली.

"मंदानं बघितलं हो ते," एकदा लिफ्टमध्ये ते मला हळूच म्हणाले. "रिक्षा पुढे गेली. लाज वाटली असणार तिला. गाडीत दम पाहिजे. मग बसेल ती."

मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले.

त्यानंतर दर रविवारी आमच्या पार्किंगमध्ये परिषद भरू लागली. विषय एकच: गाडीचं इंजिन वाढवायचं की बाकीचं काही. इंजिनाच्या बाजूनं बोलायचा तिसऱ्या मजल्यावरचा चिन्मय. खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, स्वतःकडे स्कूटर आहे, पण ज्ञान विमानाचं. "काका, यू आर ओव्हरथिंकिंग. डायरेक्ट टर्बो टाका. मग बघा, सीटला असे चिकटाल ना!" समोरच्या पक्षात कात्रजचे गॅरेजवाले शिंदे. ते गाडीचं तेल बदलायला यायचे आणि चहा होईपर्यंत थांबायचे. "इंजिन हाय तसं ऱ्हाऊ द्या साहेब. आधी ब्रेक बघा, टायर बघा. पळवायला कुनीबी पळवतंय." शिंद्यांच्या दुकानात ब्रेकचा माल बरेच दिवस पडून होता, हे चिन्मयनं मला नंतर सांगितलं.

साहेब दोघांचं ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "मूळ प्रश्न तो नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पाणी आलं नाही, तरी मूळ प्रश्न तो नसायचा. मग समजावून सांगायचे: धरणाची उंची वाढवली तर सांडवा रुंद करावा लागतो. तसं टर्बो टाकला तर ब्रेक मोठे हवेत. ब्रेक मोठे केले तर टायर रुंद हवेत. टायर रुंद केले तर स्प्रिंगा बदला. आणि एवढं सगळं केल्यावर ते जुनं इंजिन त्या नव्या टायरांना फिरवणार कसं? म्हणजे पुन्हा इंजिन. असं गोल फिरून ते निघाले तिथे येत आणि सभा चहा पिऊन बरखास्त होई. कित्येक रविवार गेले. गाडीत बदल एवढाच झाला, की तिच्यावर कव्हर आलं.

मग एका रविवारी साहेब खुलले. ताकद वाढवता येत नसेल तर वजन कमी करावं! हिशेब तोच, खर्च शून्य. पायपुसण्या निघाल्या, रेडिओ निघाला, जादा चाक निघून आमच्या जिन्याखाली आलं. पेट्रोल अर्ध्याच टाकीपर्यंत भरायचं ठरलं, कारण पेट्रोललाही वजन असतं. परिणामी स्वारगेटच्या चौकात गाडी बंद पडली आणि ढकलायला जे चार जण आले त्यांनी पुणेरी भाषेत जे सांगायचं ते सांगितलं. साहेबांनी स्वतःचा भातही बंद केला. माझ्याकडे कोलेस्टेरॉल तपासायला आले आणि रिपोर्ट बघून म्हणाले, "छान. पिकअप सुधारेल."

मी हसले. पण घरी गेल्यावर जरा कसंतरीच वाटलं. बायको शेजारी बसावी म्हणून हा माणूस भात सोडून बसला होता, आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर गुडघ्याला तेल चोळत होती, त्याला कळू नये म्हणून दार लावून. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटायला लागलं होतं.

आणि मग साहेबांनी शेजारची सीट काढली.

मी तेव्हा मंदाताईंकडे चहाला बसले होते. साहेब लिफ्टमधून ती सीट छातीशी धरून घेऊन आले, घामाघूम, खूश. गॅलरीत ठेवून म्हणाले, "केवढी जड आहे! उगाच वागवत होतो."

मंदाताईंनी कप खाली ठेवला.

"माझी जागा काढलीत," त्या म्हणाल्या.

"अगं, तू बसत नाहीस म्हणून—"

"बसत नाही म्हणजे नको म्हणाले का मी? कधी म्हणाले?" मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज चिरकला. असा मी आधी कधी ऐकला नव्हता. "इतके दिवस खिडकीतून बघतेय. सकाळी उठून ती सीट पुसता तुम्ही. मला वाटायचं, माझ्यासाठी पुसतात."

"तुझ्यासाठीच पुसत होतो!" साहेबही ओरडले. "तुला गाडी संथ वाटली. रिक्षा पुढे गेली. म्हणून तर सगळा खटाटोप!"

"कसली रिक्षा?" मंदाताई म्हणाल्या. "अहो, माझे गुडघे! उठता येत नाही मला तुमच्या त्या सीटवरून. पेरूवाल्यानं ओढून काढलं मला भर रस्त्यात, आणि तुम्ही गाडीचं पोट बघत बसला होता!"

मी चहा तसाच टाकून उठले. नवराबायकोचं खरं भांडण सुरू झालं की शेजाऱ्यानं चप्पल शोधावी.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, कारण आमच्या बाजूला आलात तर दिसेलच. शिंद्यांनी तिच्या स्प्रिंगा बदलून ती चांगली वीतभर वर उचलली. इंजिन आहे तेच आहे. टर्बो नाही, मोठे ब्रेक नाहीत, सगळ्या परिषदा पाण्यात. सीटखाली लोखंडी चौकट आली, त्यामुळे मंदाताईंचं डोकं साहेबांपेक्षा उंच दिसतं. चिन्मयनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला खरंच दुःख झालं. "काका, ही स्पोर्ट्‌स कार होती हो," एवढंच म्हणाला. रिक्षा आजही पुढे जातात.

पण चौकट किती उंच करायची, ते गॅरेजमध्ये ठरलेलं नाही. ते भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या दाराची बेल वाजली. साहेब उभे होते. डोळे जागरणानं लाल.

"तुमच्याकडे पाट आहेत का? जेवायला बसायचे. सारख्या उंचीचे असले तर बरं."

काय म्हणावं या माणसाला! मी माळ्यावरून पाट काढून दिले आणि कुतूहलानं मागोमाग वर गेले. गॅलरीत ती सीट पाटांवर ठेवलेली होती आणि तिच्यावर मंदाताई बसल्या होत्या. साहेब समोर जमिनीवर गुडघे टेकून बसले. एक हात सीटला, एक हात मंदाताईंच्या गुडघ्यावर.

"ऊठ. हळू. दुखलं?"

"दुखलं."

साहेबांनी सीट उचलली, माझ्याकडचा एक पाट खाली सरकवला. "आता बस. ऊठ. आता?"

"थोडं."

ते आणखी एक पाट पुसून आणायला आत गेले. मंदाताई माझ्याकडे वळल्या आणि कुजबुजल्या, "मघाच्या पाटालाच दुखायचं थांबलं गं."

"मग सांगत का नाही?"

"सांगते की." त्यांनी पदर सारखा केला. "विचारू दे अजून जरा."

साहेब पाट घेऊन आले, तो नीट बसवला, सीट हलत नाही ना ते दोनदा बघितलं आणि पुन्हा गुडघे टेकले. मंदाताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या, उठल्या.

"आता?"

"किंचित आहे अजून," मंदाताई म्हणाल्या.