हक्काहून एक पैसाही अधिक नको

अर्ज लिहावा तर बाबूरावांनी, असं एके काळी सारं नळदुर्ग म्हणायचं. निदान बाबूरावांना तसं वाटायचं. गावातली जिनिंग मिल बंद पडली तेव्हा ते तिथं टाईम ऑफिसात कारकून होते. गेटजवळच्या कडुलिंबाखाली बसून त्यांनी त्रेसष्ट कामगारांचे भरपाईचे अर्ज लिहिले, कार्बन घालून, तीन-तीन प्रतींत. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि शेवटी त्यांचं खास वाक्य : 'आम्हांस हक्काहून एक पैसाही अधिक नको.' मालक विरघळला तो या वाक्यानं, ही बाबूरावांची चाळीस वर्षांची समजूत. सगळ्यांना पैसे मिळाले. बलभीम हमाल तर म्हणाला होता, "साहेब, तुमच्या अक्षरात लई वजन हाय." बाबूरावांना साहेब म्हणणारा आयुष्यात तो एकटाच.

मिलच्या जागी आता ढाबा आहे. कडुलिंब आहे अजून, त्याला ट्यूबलाइट बांधलीय.

तर अशा बाबूरावांचा मुलगा शंतनू एका शुक्रवारी पुण्याहून बॅग घेऊन घरी आला. सहा वर्षांची नोकरी गेली होती. अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला, आणि तो संपताच लॅपटॉप आपोआप बंद पडला.

"तेव्हा जवळ कुणी नव्हतं?" बाबूरावांनी विचारलं.

"मांजर होतं."

बाबूरावांना गलबलून आलं. मिल बंद झाली त्या दिवशी त्रेसष्ट माणसं एका किटलीतला चहा प्यायली होती. पण कंपनी पैसे किती देतेय, हे काही त्यांनी विचारलं नाही. मुलाला पगार विचारायलाही ते लाजत, आणि मुलगाही त्यांच्यावरच गेलेला.

मंगळवारी सकाळी शंतनू आंघोळीला गेला तसे ते पत्नीला म्हणाले, "मी अजून जिवंत आहे म्हणावं कंपनीला."

"कंपनीला काय करायचंय त्याचं?" शामलाबाई म्हणाल्या.

पण बाबूरावांनी कार्बन काढलाही होता. पत्ता मिळाला कंपनीकडून आलेल्या दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या डब्यावर. आत शुभेच्छापत्रावर 'भैरवी, मनुष्यबळ विभाग' अशी सही होती. सहा वर्षांचे नव्वद दिवस, म्हणजे तीन महिन्यांचा पगार. खाली ते वाक्य. त्याखाली 'करिता, वडील' अशी सही आणि फोन नंबर. अकराच्या आत पत्र स्पीड पोस्टात पडलं.

दुपारी पिठल्याचा पहिला घास घेताना शंतनू म्हणाला, "बाबा, काळजी नका करू. वर्षाला एक महिना, असे सहा महिन्यांचे देतायत. शुक्रवारी सही करायचीय. फक्त मध्ये काही वाद निघायला नको."

बाबूरावांचा घास जागेवरच थांबला. आपण मुलासाठी बरोबर निम्मे पैसे मागितले होते. वर, जास्त नको म्हणून बजावलंही होतं.

"हात धुऊन येतो," असं सांगून ते थेट पोस्टात गेले. उजव्या हाताला पिठलं तसंच होतं.

काउंटरवर नंदीश होता. "पत्र परत पायजे? मिळंल की, काका. थैली अजून हितंच हाय. दोन ओळींचा अर्ज द्या. गाडी तीनला येती."

अडीच वाजले होते. बाबूरावांनी 'विषय' लिहिला. मग 'संदर्भ'. संदर्भाला सकाळच्या पावतीचा क्रमांक हवा, म्हणून सगळे खिसे तपासले. 'सविनय' की 'विनम्र', यात पाच मिनिटं गेली. 'नम्र' शब्द एकाच परिच्छेदात दोनदा आला, म्हणून कागद बदलला.

"काका, दोन ओळी," नंदीश म्हणाला.

"झालंच. कारणमीमांसा राहिलीय."

सही करून त्यांनी मान वर केली. सुबक अर्ज, दोन पानं, समास सोडून. बाहेर टपालाची लाल गाडी सोलापूरच्या दिशेनं वळण घेत होती.

"अर्ज मात्र झकास झालाय, काका," नंदीश म्हणाला.

घरी कुणाला काही न सांगता बाबूरावांनी दिवस काढले. फोन वाजला की ते बाथरूममध्ये जात. शंतनूनं शुक्रवारी सही केली तरी त्यांना धीर येईना. शनिवारी अनोळखी नंबर आला.

"काका, मी भैरवी. पुण्याहून. तुमचं पत्र मिळालं."

"ते पत्र मी... म्हणजे मुलाचा त्यात काही..."

"घाबरू नका. फाईलला लावलंच नाही मी. सहा महिन्यांचे पूर्ण मिळतील त्याला. पत्र माझ्या पर्समध्ये आहे."

"पर्समध्ये?"

"असं कुणी लिहीत नाही हो आता. दोनदा वाचलं. काल मलाही कॉल आला. नऊ मिनिटांचा. मला एक अर्ज लिहून द्याल?"

चाळीस वर्षांनी कुणी अर्ज मागत होतं. बाबूरावांना कडुलिंबाची सावली दिसली, किटली दिसली. हात कार्बनकडे गेला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात शामलाबाई दिसल्या.

"किती देतायत?" बाबूरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला विचारला.

"चार वर्षं झाली, चार महिन्यांचे."

"मग सही करा, ताई. आणि कुणाकडूनही अर्ज लिहून घेऊ नका."

फोन ठेवला. तरीही राहवेना, म्हणून त्यांनी सवयीनं कार्बन घालून तिच्यासाठी नुसता 'विषय' तेवढा लिहून पाहिला. अक्षर अजून वळणदार होतं. मग तो कागद फाडला.

"खालचे दोनही," शामलाबाई म्हणाल्या.