ब्रिंझाचे पाय

फोटो काढण्यात काय अवघड आहे? कुत्रा उभा करायचा आणि बटण दाबायचं! हे मी, वेंदेलिननं, सासूबाईंना बसमध्ये बसवताना छातीठोकपणे सांगितलं होतं.

सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी गरम झऱ्यांच्या गावी निघाल्या होत्या, आणि ब्रिंझाला आमच्या गळ्यात घालून चालल्या होत्या. ब्रिंझा म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या जातीची, वासराएवढी, चुन्यासारखी पांढरीफेक कुत्री. सासूबाईंचा सगळा जीव तिच्यात. त्यातून उरलाच तर लेकीत.

"जावईबापू, रोज फोटो पाठवा. ती खुशाल आहे हे मला दिसलं पाहिजे."

"आई, भिंतीवर लावाल असे फोटो पाठवतो!"

आणि आमच्या तात्रा डोंगरांच्या पायथ्याशी बर्फ नुसता कोसळायला लागला.

पहिल्या फोटोत बर्फ चुलीतल्या राखेसारखा आला आणि ब्रिंझा कावीळ झाल्यासारखी पिवळी. मी मोबाइलवर उजेड वाढवला. बर्फ लखलखला, पण कुत्री गायब! पांढऱ्यात पांढरी. उरले दोन डोळे आणि एक नाक.

"हे काय, बर्फात कोटाची बटणं सांडलीत?" माझी बायको ब्लाझेना म्हणाली.

शेवटी ब्लाझेनानं वाकून सॉसेज पुढे धरलं, तेव्हा बाईसाहेब मान ताठ करून उभ्या राहिल्या. मागे निळे डोंगर, कानांवर ऊन. डोळ्यांचं पारणं फिटावं असा फोटो! फक्त पुढच्या पायाशी ब्लाझेनाचा हात आणि ते सॉसेज आलेलं. मी बोटानं घासून दोन्ही पुसून टाकलं आणि फोटो सासूबाईंना पाठवला. गावाच्या ग्रुपवरही टाकला. कलाकाराला दाद नको का?

लगेच फोन वाजला.

"पाय कुठाय?" सासूबाई ओरडल्या.

"कुणाचा?"

"माझ्या ब्रिंझाचा! तीनच आहेत! काय केलंत माझ्या लेकराचं?"

"आई, तो मी पुसला..."

"पुसला? अहो, पाय म्हणजे काय फळ्यावरचा खडू आहे? मी निघाले! आता मला तोंडही दाखवू नका!"

फोन बंद. पुन्हा लावला, तर उचलेनात.

तेवढ्यात शेजारच्या हर्मिनाकाकू आंबवलेल्या कोबीचं सूप घेऊन दारात. डोळ्यांना पदर लावावा तसा गळपट्टा लावलेला. "मी आत येत नाही रे, मला बघवणार नाही," म्हणत पातेलं माझ्या हातात देऊन गेल्यासुद्धा! मग गाश्पार सुताराचा फोन. "लाकूड कुठलं घेऊ? ओक मजबूत, पण पळताना जड जाईल बिचारीला."

मी घाईघाईनं दुसऱ्या फोटोतला पाय उचलून या फोटोत चिकटवला आणि ग्रुपवर टाकला. "हे बघा, सगळे पाय जागेवर!"

ब्लाझेनानं मोजले. "अहो, पाच झाले."

"अं?"

"एकाच्या जागी दोन चिकटवलेत. आता माझ्या आईला हार्ट अटॅक येणार."

आता कसलीही कारागिरी नको, असं ठरवलं. ब्रिंझाला अंगणात नेलं, जशी उभी राहिली तशी टिपली आणि न बघताच पाठवून दिली. ती पोटापर्यंत बर्फात रुतली होती. फोटोत एकही पाय नव्हता.

"देवा, तिला घेऊन जा, सुटेल बिचारी," हर्मिनाकाकूंनी ग्रुपवर लिहिलं. खाली साऱ्या गावाचे जोडलेले हात.

मी पायरीवर बसून डोकं धरलं. ब्रिंझानं ते सूप कोबीसकट संपवलं.

संध्याकाळच्या बसनं सासूबाई आल्या. उपचार अर्धवट टाकून, काठी टेकत, रडून नाक लाल झालेलं. ब्रिंझा उडी मारून धावली. सासूबाईंनी काठी टाकली, तशाच बर्फात बसल्या आणि एकेक पाय चाचपू लागल्या. चारही. मग तिच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडल्या. मी मागे हात जोडून उभा राहिलो.

तो क्षण ब्लाझेनानं तिच्या जुन्या मोबाइलवर टिपला. ना उजेड वाढवला, ना काही. बर्फ बर्फासारखा, कुत्री कुत्रीसारखी!

सासूबाईंनी डोळे पुसत तो बराच वेळ पाहिला. "हा लावते मी भिंतीवर. फक्त मागचा तो माणूस तेवढा काढून टाक गं."

ब्लाझेनानं काढला. फोटो आता त्यांच्या बैठकीत आहे. माझा मागमूसही उरलेला नाही, आणि ब्रिंझाचं एक नखही दुखावलेलं नाही. काम सफाईदार झालंय, हे मला मान्य करावं लागतं!